गवताळ रान जाळावं का? किती वर्षांनी, कसं, आणि कार्बनचा हिशेब काय?

कुसळ
कोरड्या हवामानातलं, तुरळक झाडांचं गवताळ रान आहे. बऱ्याच वर्षांत आग नाही आणि चराईही नाममात्र. जुनं गवत करडं पडून आडवं झालंय. ठोंबात बोटं घातली तर वाळक्या काड्यांचा थर लागतो, हिरवे फुटवे फक्त कडेला. काही भागात काटेरी झुडपं डोक्याच्या वर गेली आहेत. रीतसर परवानगी घेऊन नियंत्रित आग लावायचा विचार चालू आहे. एक मत असं, की दरवर्षी जाळलं म्हणजे गवत जोमानं येतं. दुसरं मत असं, की जाळणं म्हणजे हवेत कार्बन सोडणं, त्यापेक्षा तिथं झाडं लावा. ठरवायचं कशावरून, आणि आग लावायचीच तर पद्धत काय?

रानकाठी
आधी मोजा. रानात वेगवेगळ्या दहा ठिकाणी एक मीटर बाय एक मीटर चौकट टाकून आतलं गवत जमिनीलगत कापा, काडी कडकन मोडेपर्यंत वाळवा, वजन करा. चौरस मीटरला 100 ग्रॅम म्हणजे हेक्टरी 1 टन. सरासरी 200 ग्रॅमच्या खाली असेल तर आग नीट पसरत नाही, मध्येच विझते. अशा वर्षी जाळूच नका. 400 ग्रॅमच्या पुढे असेल आणि त्यातलं बरंचसं करडं, जुनं असेल, तर ठोंबाच्या मध्यापर्यंत ऊन पोचत नाही आणि फुटवे गुदमरतात. तुमचं वर्णन याच अवस्थेचं दिसतंय.

आता आगीचा जोर. एक किलो वाळलेलं गवत साधारण 18,000 किलोज्यूल उष्णता देतं. हेक्टरी 4 टन गवत वाऱ्यासोबत सेकंदाला 20 सेंटीमीटर वेगानं जळत गेलं, तर आगीच्या दर मीटर लांबीला सुमारे 1,440 किलोवॉट जोर येतो आणि ज्वाळा दोन मीटरच्या वर जातात. तेच गवत वाऱ्याविरुद्ध सेकंदाला 2 सेंटीमीटरनं जळलं तर 144 किलोवॉट, ज्वाळा पाऊण मीटर. हातातल्या अवजारांनी जवळ जाऊन आग मारता येते ती साधारण 350 किलोवॉटपर्यंत, म्हणजे ज्वाळा छातीच्या खाली असेपर्यंत. फक्त जुनं गवत साफ करायचं तर 1,000 च्या आतली आग पुरते. झुडपं वरून मारायची तर 2,000 च्या वर लागते. पहिल्याच खेपेला दुसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नका.

कडेची तयारी सर्वांत जास्त चुकते. गवत कापून पट्टा केला आणि कापलेलं गवत तिथंच पडू दिलं, तर तो पट्टा आग अडवत नाही, उलट वाळून जास्त धडाडतो. कापलेलं खरवडून जाळायच्या बाजूला ओढा, माती उघडी पडली पाहिजे. सुरक्षित रीत अशी: दोन समांतर पट्टे साफ करायचे आणि मधलं गवत सकाळी दव नुकतंच उडालेलं असताना जाळून टाकायचं. ही जाळरेषा वारा ज्या दिशेला जातो त्या कडेला 30 मीटर तरी रुंद हवी.

मुख्य आगीच्या दिवशी वारा ताशी 5 ते 15 किलोमीटर आणि एकाच दिशेचा हवा. अजिबात वारा नसलेला दिवस निवडू नका. तेव्हा झुळूक कुठूनही फिरते. हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली गेली की थांबायचं. वाऱ्याच्या पुढच्या कोपऱ्यात चटईएवढा तुकडा पेटवून पाहा. धूर आणि ज्वाळा अपेक्षेप्रमाणे वागल्या तर त्या कडेनं वाऱ्याविरुद्ध आग सोडा, मग दोन्ही बाजू, आणि सर्वांत शेवटी वाऱ्याकडची कड. चढ लक्षात ठेवा: दर 10 अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून उतारावर नेहमी वरून सुरुवात.

गवत विझलं म्हणजे काम संपलं असं नाही. वाळलेलं शेण, पडलेले ओंडके, पोकळ खोडं तासन्‌तास धुमसतात आणि दुपारचा वारा सुटला की निखारा पट्ट्यापलीकडे जातो. कडेपासून 30 मीटर आतपर्यंतचं प्रत्येक धुमसणारं लाकूड फोडून, पाणी मारून, उघड्या हाताची पाठ जवळ नेऊन धग तपासा.

पाचोळा
वरच्या पद्धतीत एक दुरुस्ती सुचवतो. चारही बाजूंनी आग बंद केली की आतले ससे, सरडे, कासवं, जमिनीवर घरटी करणारे पक्षी अडकतात. एक बाजू शेवटपर्यंत मोकळी ठेवा, किंवा वाऱ्याविरुद्धची कड रुंद जळाल्यावर वाऱ्याला आडव्या अरुंद पट्ट्यांत आग लावत मागं सरका. वेळ जास्त लागतो, पण ज्वाळाही आटोक्यात राहतात. जमिनीवरच्या घरट्यांचा हंगाम तर टाळायचाच.

दरवर्षी जाळण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे. वाळलेल्या गवतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे हेक्टरी 4 टनांत 20 किलो. नत्र 200 अंशांपासूनच वायू होऊन उडायला लागतं. राखेत राहतं ते कॅल्शियम, पोटॅश आणि बराचसा स्फुरद. आगीनंतर येणारी हिरवळ टवटवीत दिसते त्याचं मुख्य कारण ऊन आणि मोकळी जागा. खताचा वाटा थोडा. ही हिरवळ दरवर्षी विकत घेतली तर नत्राचा साठा खालावतो, आणि पावसाआधी उघडी पडलेली माती पहिल्याच सरीत वाहते. रानाचे तीन-चार भाग करा, एका वर्षी एकच जाळा, आणि त्या भागाची पाळी पुन्हा येईल तेव्हाही गवत मोजूनच ठरवा.

आग पूर्ण बंद करण्याचं फळही पाहिलेलं आहे. अमेरिकेत 1910 च्या मोठ्या वणव्यांनंतर दडपण्याचं धोरण घट्ट होत गेलं, 1935 मध्ये तर प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत आटोक्यात आणायची असा नियम झाला. कोरड्या पाइन जंगलांत खालची लहान झाडं आणि पाचोळा साचत गेला आणि जमिनीलगत राहणाऱ्या आगी शेंड्यापर्यंत पोचू लागल्या. जायंट सेक्वोया या तिथल्या महाकाय वृक्षाचं बी उघड्या मातीत रुजतं, तेही थांबलं. 1968 मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी धोरण बदललं. कर्नाटकातल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांमध्ये सोलिगा लोक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत. ती बंद झाल्यावर घाणेरी माजली आणि आवळ्यावरचं बांडगूळ वाढलं, असं त्यांचं ठाम म्हणणं आहे. रान ओळखणाऱ्यांचं हे म्हणणं गांभीर्यानं घ्यायला हवं.

धग
कार्बनचा हिशेब करून दाखवतो. 4 टनांपैकी 85 टक्के जळालं असं धरू, म्हणजे 3.4 टन. त्यातून सुमारे 5.7 टन कार्बन डायऑक्साइड निघतो. पुढच्या पावसात तेवढंच गवत परत आलं की तो परत शोषला जातो, म्हणून तो निव्वळ भर धरत नाहीत. परत न येणारा भाग म्हणजे मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड: जळालेल्या गवताच्या किलोमागे साधारण 1.9 ग्रॅम आणि 0.2 ग्रॅम. शंभर वर्षांच्या तापमानवाढीच्या हिशेबानं अनुक्रमे 28 आणि 265 नं गुणलं की दोन्ही मिळून हेक्टरी 360 किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार येतो. शून्य नाही, पण 5.7 टनही नाही.

हा भार कमी करण्याचा मार्ग म्हणजे हंगाम. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला गवताच्या बुडाशी ओल असते, आग ठिपक्याठिपक्यांनी जळते, रात्री दवानं विझते. ऋतूच्या शेवटी सगळं एकसंध जळतं, पडलेलं लाकूडसुद्धा. ऑस्ट्रेलियात पश्चिम आर्नहेम लँडमध्ये 2006 पासून तिथले आदिवासी रेंजर नेमकं हेच करतात: लवकर, छोट्या आगी लावून शेवटच्या मोठ्या वणव्यांना जागाच ठेवत नाहीत, आणि वाचलेल्या उत्सर्जनाचे पैसे मिळतात.

निव्वळ तोटा होतो तो जंगल तोडून जाळतात तिथं आणि पीट जमिनीत, म्हणजे पाणथळीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर साचून झालेल्या जमिनीत. 1997 मध्ये इंडोनेशियातल्या पीट आणि जंगलाच्या आगींतून 0.81 ते 2.57 अब्ज टन कार्बन गेल्याचा अंदाज आहे. हजारो वर्षांत साचलेलं एका मोसमात गेलं, ते पुढच्या पावसात परत येत नाही. तुमच्या रानात बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत आहे. गवताची आग मिनिटाभरात पुढे सरकते, दोन-तीन सेंटीमीटर खाली माती जेमतेम कोमट होते. तिथं दाट झाडं लावलीत तर तो कार्बन जमिनीच्या वर, जळू शकेल अशा जागी आणून ठेवाल आणि सावलीत गवत माराल. कृपया लावू नका.

कुसळ
फार उपयोगी. दोन शंका उरल्या. रानाच्या एका कडेला ओढ्याकाठची सदाहरित झाडी आहे, तिथं हलकी आग शिरली तर चालेल का? आणि काटेरी झुडपांखाली गवतच उरलेलं नाही, तिथं काय करायचं?

रानकाठी
सदाहरित झाडीत गुडघ्याखालची आगसुद्धा नको. सालीखालचा जिवंत थर 60 अंशांना मरतो. तिथवर उष्णता पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गानं वाढतो: 1 सेंटीमीटर सालीला सुमारे 3 मिनिटं, अर्ध्या सेंटीमीटरला पाऊण मिनिटच. ओलसर झाडीतली झाडं पातळ सालीची आणि तिथली आग संथ, म्हणजे बुंध्याशी रेंगाळणारी. मेलेल्या झाडांमुळे वर उजेड येतो, खाली गवत आणि वाळकं लाकूड वाढतं, आणि दुसरी आग पहिलीपेक्षा भारी येते. त्या कडेला जाळरेषा दुप्पट रुंद करा आणि वारा झाडीकडून रानाकडे असेल तेव्हाच काम काढा.

झुडपांखाली गवत नसेल तर आग आत शिरणारच नाही. कोरड्या ऋतूच्या आधी झुडपं बुडाशी कापा, फांद्या पसरून वाळू द्या, मोठ्या झाडांच्या बुंध्यांपासून दूर ओढा. पहिल्या आगीनंतर बुडातून फुटवे येतीलच. ते ज्वाळेच्या उंचीच्या वर जायच्या आत पुढची आग किंवा कोयता पोचला पाहिजे, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. घाणेरी आधीच माजलेली असेल तर आग घालूच नका. ती शिडीसारखी ज्वाळा शेंड्याला नेते आणि मुळातून परत फुटते. ती उपटूनच काढावी लागते.

पाचोळा
जाळलेला तुकडा फार छोटा ठेवू नका. आसपासची सगळी जनावरं त्या कोवळ्या गवतावर येतात आणि ठोंब मुळापर्यंत ओरबाडतात. रान बिघडलं की दोष आगीला जातो. नवं गवत 15 ते 20 सेंटीमीटर होईपर्यंत चराई पूर्ण बंद ठेवता येत नसेल, तर यंदा जाळणं पुढं ढकला.