भाववाढीतून आलेली संपत्ती आणि दान

स्वकष्टाच्या पैशातून किती दान द्यावे हे ज्याने त्याने ठरवावे, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. नवी मुंबईत आम्हा घरमालकांच्या संपत्तीत कष्टांइतकाच जमिनीच्या वाढलेल्या भावाचा वाटा आहे, आणि ती जमीन १९७० नंतर सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या या शहरासाठी ठाणे व आजच्या रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांमधून, मुख्यतः आगरी-कोळी कुटुंबांकडून, संपादित झाली. न्याय्य मोबदल्यासाठी प्रकल्पग्रस्तांचे (जमीन गेलेल्यांचे) नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना त्यानंतरची. म्हणून नवी मुंबईतल्याच घणसोलीतल्या एखाद्या प्रकल्पग्रस्ताच्या मुलीची फी भरताना तिच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवणे (आणि धनादेशासह तिचे छायाचित्र काढणे तर फारच) मला अन्यायाचे वाटते. किती द्यावे हे ठरवताना भाववाढीने आपल्याला काय मिळाले, याचा हिशेब प्रत्येकाने आधी मांडावा.