मदत हवी आहे: आयर्लंड आणि माल्टाची मतपद्धत एकच, मग पक्षांची संख्या इतकी वेगळी कशी?

मंडळी, एका जागी अडकलोय, राज्यशास्त्रवाल्यांनी प्लीज हात द्या. अमेरिकेत एका जागेला एकच जण निवडून येतो, ज्याला जास्त मतं तो जिंकला, त्यामुळे तिसऱ्याला मत म्हणजे वाया असं लोक धरून चालतात आणि दोनच पक्ष उरतात, इथपर्यंत पटतं. आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून ३ ते ५ जण निवडतात, मतपत्रिकेवर नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे. समजा ४ जागा आणि ५०,००० वैध मतं, तर कोटा (निवडून यायला लागणारी मतं) ५०,००० भागिले ५, म्हणजे जागांपेक्षा एक जास्त, अधिक १, असा १०,००१. कोणाला १२,००० पडली की वरची १,९९९ पुढच्या पसंतीला जातात, आणि तळाचा उमेदवार बाद झाला की त्याचीही मतं पुढे सरकतात. आपल्या विधान परिषदेला आमदार साधारण असंच मत देतात, म्हणून हे पटकन कळलं.

पण माल्टा! तिथे १९२१ पासून हीच पद्धत, आता १३ मतदारसंघ, प्रत्येकी ५ जागा, तरी १९६६ पासून तिसऱ्या पक्षाला स्वतःच्या बळावर संसदेत जागाच मिळालेली नाही. लेबर आणि नॅशनलिस्ट, बस्स. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पद्धत बदलली की पक्ष वाढतील असं आपण सगळेच धरून चालतो. ५ जागा म्हणजे साधारण १७ टक्क्यांचा कोटा, तो लहान पक्षांना जड जातो का? पण आयर्लंडमध्ये ३ जागांवाल्या ठिकाणी तर कोटा २५ टक्के आहे ना, तरी तिथे संसदेत दोनपेक्षा जास्त पक्ष आहेत! की माल्टाचे मतदार दुसऱ्या पक्षाला पुढची पसंतीच देत नाहीत? नक्की कारण काय, आणि यावर सोप्या भाषेत काय वाचू?