धाकट्याला 24व्या वर्षी ऑटिझम निघालाय, सरकारीत नेमकं कुठं जायचं? (कोल्हापूर जिल्हा)

घाटावरची_थोरली

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ 24 चा आहे. शाळेत कायम हुशार पण हट्टी, घुम्या, कुणात मिसळत नाही हेच ऐकत आलो, बारावी चांगल्या मार्कांनी झाली, डिप्लोमाला घातला आणि हॉस्टेलवर सगळं बिघडलं, झोप गेली, खाणं दोन-तीन पदार्थांवर आलं, मेसमधल्या ताटांच्या आवाजानं कान झाकून बसायचा म्हणे. शेवटी घरी आणला. पुण्यात प्रायव्हेटला दाखवलं, बऱ्याच सिटिंगनंतर ऑटिझम आणि सोबत अँक्झायटी असं सांगितलं. खरं सांगू का, घरात सगळ्यांना जरा हलकंच वाटलं, निदान कळलं तरी. पण दर महिन्याला पुणं, ती फी, वर त्याला एसटीत बसवायचं, झेपत नाही आता.

एका सरकारी दवाखान्यात केस पेपर काढायला गेलो तर खिडकीवरच म्हणाले ऑटिझम लहान पोरांचा असतो, बालरोगला जा, आणि बालरोगवाले म्हणाले आम्ही 18 च्या वर बघत नाही. मग जायचं कुठं? सर्टिफिकेट मिळतं का, काढावं का, का नुसता शिक्का बसतो? बाबा जिल्हा परिषदेत आहेत, पुढच्या वर्षी रिटायर होतील, आईला हीच काळजी की आमच्यामागं याचं काय. तो बोलतो, टाइप तर झकास करतो, रात्री कॉम्प्युटरवर कायतरी कोडिंग शिकत बसतो, पण दारात पाहुणा आला की खोलीतून बाहेर येत नाही.

सोशलवर्कर_बार्शी

ताई, मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम केलंय, तुमच्या जिल्ह्यात नाही पण रचना सगळीकडं तीच. तुम्हाला जे झालं ते होण्याचं कारण असं की मुलांसाठी डीईआयसी नावाचं केंद्र असतं ते 18 पर्यंतच, त्यापुढं ऑटिझम अशी वेगळी ओपीडीच नाही. म्हणून मोठ्या माणसाला दोन ठिकाणी जावं लागतं, उपचाराला एकीकडं आणि सर्टिफिकेटला दुसरीकडं, आणि इकडचा कागद तिकडं आपोआप जात नाही, फाइल तुम्हीच सांभाळायची.

उपचारासाठी खिडकीवर ऑटिझम म्हणूच नका, "मानसोपचार ओपीडी" म्हणा. जिल्ह्याच्या टीममध्ये मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर असतात (पदं भरलेली असली तर, हे आपलं नेहमीचंच), औषधं फुकट. ठरलेल्या दिवशी ही टीम तालुक्याच्या दवाखान्यातही येते, तो वार आधी फोन करून विचारा म्हणजे त्याला सीपीआरच्या (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) गर्दीत न्यायला नको. ऑटिझमवर गोळी नाही, कुणी बरा करतो म्हणाला तर उठून या. पण झोप आणि घाबरणं यावर औषध आहे, त्यानं फरक पडतो. पुण्याच्या चिठ्ठीत कंपनीच्या नावाखाली घटकाचं नाव असतं ते दाखवा, सरकारी फार्मसीत बरेचदा तेच मिळतं.

रात्री-अपरात्री काही झालं तर 14416, टेली मानस, ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, 24 तास, मराठीत बोलता येतं. तो भडकलेला असताना फोन त्याच्या हातात देऊ नका, तुम्हीच बोला. जिवाचा प्रश्न असेल तर मात्र 108 किंवा 112. आणि कुणी नातेवाईक सुचवेलच म्हणून सांगतो, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेऊन ठेवा वगैरे ऐकू नका, घरात शांत बसून कोडिंग शिकणाऱ्या पोराला भरती कशाला.

कर्वेनगरची_आई

माझा मुलगा 29 चा, त्यामुळं सर्टिफिकेटवर मी लिहिते. काढाच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे, मानसिक आजारही आहे. स्वावलंबन पोर्टल म्हणून सरकारी वेबसाइट आहे, तिथं अर्ज भरायचा, आधार आणि फोटो लावायचा, हॉस्पिटल निवडायचं, मग तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाची तारीख. तिथं आयसा नावाची 40 प्रश्नांची मोजपट्टी लावतात, स्कोअर 70 च्या खाली आला तर ऑटिझम नाही असं धरतात, आणि सर्टिफिकेटचा उपयोग व्हायला 40 टक्के लागतात. आता गंमत अशी की ही पट्टी बघताना सरळ कळतं की समोर लहान मूल धरून केलीय. तुमचा भाऊ डॉक्टरांसमोर दहा मिनिटं नीट बोलेल आणि घरी येऊन दिवसभर पडून राहील, आणि बोर्डाला दिसणार ती दहा मिनिटं. म्हणून आईला सोबत न्या, पुण्याचा रिपोर्ट, शाळेच्या प्रगतिपुस्तकावरचे शेरे, हॉस्टेल का सोडलं ते सगळं कागदावर न्या. अंघोळ कोण आठवण करून देतं, दुकानात एकटा जातो का, असलं विचारतात तेव्हा लाजून "करतो तो सगळं" म्हणू नका, आपल्या आया हमखास तसंच म्हणतात.

सर्टिफिकेटसोबतचं दिव्यांग कार्ड आलं की एसटीत 75 टक्के सवलत. बाबा जुन्या कर पद्धतीत असतील तर इन्कम टॅक्समध्ये अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी 75 हजारांची वजावट. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात, ग्रामसेवकाला विचारा, तो आधी ऐकलंच नाही असं दाखवेल. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना बघा, वर्षाला 1 लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी नाही, ओपीडी आणि थेरपीचाही खर्च बसतो, त्यांच्याकडं नोंदलेल्या संस्थेतून फॉर्म भरायचा.

सगळ्यात महत्त्वाचं बाबांचं. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कौटुंबिक निवृत्तीवेतन मुलांसाठीची वयाची मर्यादा उलटल्यावरही चालू राहतं, ते जुन्या पेन्शनमध्ये असतील तर रिटायरमेंटचे कागद जायच्या आत भावाचं नाव आणि सर्टिफिकेट आस्थापना शाखेत द्या. वडील गेल्यावर हे सिद्ध करत फिरणारी कुटुंबं मी बघितलीत.

आणि पालकत्व. 18 नंतर आई-वडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. कलेक्टर अध्यक्ष असलेली स्थानिक समिती असते, तिथं अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, बहीणही चालते. तेही उरकून टाका.

हेडफोनवाला

काकू, बाकी सगळं मान्य, शेवटच्या ओळीला माझा विरोध. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान तिशीत झालं, पुण्यात टेस्टिंगची नोकरी करतो. जो माणूस टाइप करतो, कोडिंग शिकतो, त्याचं पालकत्व "उरकून टाका" कसं म्हणता? उद्या बँकेत त्याच्या सहीऐवजी ताईंची सही मागतील. 2016 च्याच कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, म्हणजे ठरावीक गोष्टीपुरतं आणि त्याच्याशी बोलून. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याला स्वतःला आगाऊ लिहून ठेवता येतं की मला काय उपचार हवेत, काय नकोत, आणि आपला प्रतिनिधीही तोच नेमू शकतो. आधी ते करा.

ताई, एक विचारू का, तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये त्याला काय पाहिजे ते कुठंच नाही. तोंडी विचारू नका, व्हॉट्सॲपवर विचारा आणि उत्तराला दोन दिवस द्या. ओपीडीला नेताना हेडफोन, टोपी, आणि एकानं रांगेत उभं राहायचं, त्यानं बाहेर झाडाखाली थांबायचं, नंबर आला की फोन. सरकारी नोकरीच्या 4 टक्के आरक्षणात 1 टक्का ऑटिझम, मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी मिळून आहे, त्याला ते सांगून ठेवा. दिव्यांगांसाठीच्या मेणबत्त्यांच्या कार्यशाळेत मात्र बसवू नका प्लीज.

कर्वेनगरची_आई

हेडफोनवाले दादा, माझा मुलगा बोलत नाही आणि त्याला कार्यशाळेत कागदी पिशव्या करायला आवडतात, तो सुट्टीच्या दिवशीही चप्पल घालून उभा असतो. आम्हाला पालकत्वाशिवाय त्याचं खातंही उघडता येईना. पण तुमचं ताईंच्या भावाबाबत बरोबर आहे, तिथं घाई नको. शब्द मागे.

सोशलवर्कर_बार्शी

दोन्ही खरं. सुरुवात ओपीडीपासून करा, झोप लागली की पुढचं सगळं सोपं जातं. पोर्टलचा अर्ज मात्र आजच टाका, तारीख यायला वेळ लागतो.

घाटावरची_थोरली

सगळ्यांना लई थँक्यू. बाबांना पेन्शनचं वाचून दाखवलं, ते उद्याच आस्थापनेत विचारणार आहेत. भावाला व्हॉट्सॲपवर विचारलं, तेवढ्यात उत्तर आलं पण भलतंच, म्हणतोय बोर्डात डॉक्टर किती असतात, खोली केवढी असते आणि अंगाला हात लावून तपासतात का. कुणाला माहिती असेल तर सांगा, त्याला आधी कळलं तरच येईन म्हणतोय.

हेडफोनवाला

माझ्या वेळी टेबलापलीकडं दोघं, कधी तिघं, बोलणंच जास्त, सायकॉलॉजिस्ट वेगळ्या खोलीत. हात कुणी लावला नाही. दार उघडंच असतं आणि मधेच कुणीतरी सही घ्यायला आत येतं, ते त्याला नक्की सांगा. त्याला हवं असेल तर मला मेसेज कर म्हणावं, टाइपच करू.