प्रतिसाद: दोन वजनकाट्यांच्या पोर्टची अदलाबदल
पंचवटीच्या मार्केट यार्डातल्या गाळ्यावर लिनक्स रीबूट झालं की दोन्ही काट्यांची टीटीवाय-यूएसबी नावं (लिनक्स यूएसबी-सीरियल केबलला आपोआप देतं ती) अदलाबदल होतात, असं तुम्ही लिहिलंय. काटे जोडणाऱ्या सीएच३४० चिपच्या केबलला बहुधा सीरियल नंबर नसतो आणि दोन्हींचा यूएसबी आयडी १ए८६:७५२३ हाच, म्हणून पोर्टवरूनच ओळखा. लिनक्समध्ये उपकरणांची नावं यूडेव्ह सांभाळतं; त्याच्या ‘यूडेव्हअ‍ॅडम मॉनिटर’ या आदेशाला ‘प्रॉपर्टी’ पर्याय लावा, एकेक केबल काढून परत खोचा आणि यूडेव्हच्या टीटीवाय नोंदीतली आयडी-पाथची (केबल कोणत्या पोर्टात आहे ते सांगणारी) ओळ टिपून घ्या. मग प्रत्येक काट्याला पक्कं नाव देणारा यूडेव्हचा नियम एका फाइलीत लिहा. नियमात आयडी-पाथपुढे दोन बरोबर चिन्हं (==), सिमलिंकपुढे (तुम्ही द्याल ते पक्कं नाव) अधिक-बरोबर (+=). एकच बरोबर टाकलंत तर तुलना होतच नाही, उलट किंमत भरली जाते! फाइलच्या नावाच्या सुरुवातीला ९९ ठेवा, कारण नियमांच्या फाइली क्रमांकानुसार चालतात. आयडी-पाथ ६० क्रमांकाच्या नियमात भरला जातो, त्याआधी तो रिकामा असतो. मग यूडेव्हअ‍ॅडमच्याच ‘कंट्रोल’ला ‘रीलोड’ देऊन ‘ट्रिगर’ चालवा. केबल दुसऱ्या पोर्टात गेली की नाव जाईल, तेव्हा पोर्टांवर चिठ्ठ्या चिकटवा.