मदत हवी आहे: अण्णांचा जुना बंब, लॉकरच्या दारावरची अक्षरं वाचवून गंज कसा काढू?

नमस्कार मंडळी,

धायरीजवळ भाड्याच्या शेडमध्ये माझा एक जुना आगीचा बंब उभा आहे. टाटा मर्सिडीज बेंझ, एल ३१२, लांब बोनेटवाला, जाळीवर तीन टोकांचा तारा. टेल्को आणि डाइमलर-बेंझचा करार १९५४ ते १९६९ असा होता, त्यामुळे गाडी त्याच काळातली. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याने ती भंगारात काढली, तेव्हा लिलावात मी बोली लावली. कारण माझे वडील, म्हणजे अण्णा, याच बंबावर चालक होते. पंपही तेच चालवायचे. आज ते ८१ वर्षांचे आहेत.

सहा सिलिंडरचं इंजिन जाम आहे, टाकीला तळाशी भोकं आहेत, छपरावरच्या लाकडी शिडीला वाळवी लागली आहे. ही सगळी कामं होतील असं वाटतं. माझी झोप उडाली आहे ती एका दारामुळे.

डाव्या बाजूच्या मागच्या लॉकरचं दार उघडलं की आतल्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने अण्णांच्या हातची यादी दिसते. होज (पाणी मारायचे पाइप) नं. १ ते १२, प्रत्येकापुढे चाचणीच्या तारखा, बारीक ब्रशने लिहिलेल्या. सातव्या नंबरपुढे फक्त 'बगॅस, फाटला' (बगॅस म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा). सगळ्यात खाली 'घंटा रोज पुसणे' असं होतं. आता त्यातलं 'घंटा रोज पु' एवढंच उरलंय, पुढचं गंजाने खाल्लं. खालच्या चार बोटांत पत्र्याचे पापुद्रे सुटलेत आणि बोट लावलं तरी रंगाची खपली हातात येते.

सातव्या होजचं अण्णांना विचारलं. म्हणाले, बगॅसचा ढीग वरून विझलेला दिसतो, पण आत निखारा असतो. कॅनव्हासचा होज ओढत नेताना तो निखाऱ्यावर पडला आणि मधोमध फुटला. त्या ढिगावर तीन दिवस पाणी मारत होते. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, तेही त्या दारामुळे.

एका गॅरेजवाल्याला गाडी दाखवली. तो म्हणाला, सगळं ब्लास्टिंग करून (वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवून), पुटिंग मारून पंधरा दिवसांत नवी करून देतो. ओळखीतल्या गाडीवाल्यांना विचारलं तर ते क्रोम पॉलिशचे पत्ते देतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! म्हणून इथे विचारतोय.

अक्षरं न घालवता दाराचा गंज कसा थांबवायचा? बाहेरचा रंग कोणता धरायचा? एका जागी रुपयाएवढं गोल घासून पाहिलं तर वर नारिंगीकडे झुकणारा लाल, त्याखाली गडद लाल आणि मग राखाडी प्रायमर निघाला. पंप पुन्हा पाणी ओढेल का, हे ओळखायचं कसं? आणखी एक, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेत नोंदणी मिळते, शुल्क २०,००० रुपये. पण तो नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे आणि माझी गाडी कारखान्याची होती. असं प्रकरण आरटीओत कुणी नेलं आहे का?

येत्या १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी, अण्णांच्या हातून या पंपाचं पाणी सोडायचं आहे.

---

प्रतिसाद १ (निवृत्त तांडेल, अग्निशमन दल)

दादा, धागा वाचून आधी अण्णांना नमस्कार. १४ एप्रिल निवडलात, बरं केलंत. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात आमचे ६६ जवान गेले.

सर्वात आधी टाकीचं सांगतो. झाकण उघडून कुणालाही आत उतरवू नका. बंद टाकीत गंज चढताना आतला ऑक्सिजन संपतो. वास येत नाही, धूर दिसत नाही, माणूस उतरतो आणि खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. टाकी गाडीवरून उतरवा आणि कापूनच दुरुस्त करा.

आता पंप. सेंट्रिफ्युगल पंप स्वतः हवा ओढत नाही. आधी प्रायमरने (रंगाचा नव्हे, पंपातली हवा काढायची यंत्रणा) सक्शनमधली, म्हणजे पाणी ओढायच्या नळीतली हवा काढावी लागते, मगच पाणी चढतं. तेव्हा पंपाची परीक्षा पाण्याविना होते. सक्शनच्या तोंडाला ब्लँक कॅप घट्ट लावा, सगळे डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि ड्रेन कॉक बंद करा, प्रायमर चालवा. व्हॅक्यूमचा काटा चढला की प्रायमर थांबवा आणि काट्याकडे बघत बसा. जागेवर राहिला तर पंप तुमचा. झरझर खाली आला तर कुठेतरी हवा शिरतेय. बहुतेक वेळा ग्लँड पॅकिंग (पंपाच्या दांड्याभोवतीची दोरी) किंवा सक्शनचा वॉशर निघतो. गळती सापडत नसेल तर पंपात दाबाने पाणी भरा. जिथून थेंब येईल तिथूनच हवा जाते. जुनी ग्लँड दोरी ॲसबेस्टॉसची असू शकते, ती ओली करूनच काढा. ब्रेकच्या ड्रममधली धूळही कॉम्प्रेसरने उडवू नका.

पाणी ओढताना सात मीटरच्या वर जाऊ नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब थोडा कमीच पडतो. विहिरीपेक्षा कॅनॉलच्या कडेची जागा बरी.

---

प्रतिसाद २ (शेडकार्ड)

पत्रा पातळ असेल तर ब्लास्टिंगने वाकतो, लाटा येतात. त्यामुळे गॅरेजवाल्याचं ऐकू नका.

दार आजच बिजागरीतून खोला आणि घरात आडवं ठेवा. पावसाच्या आधी. भिंतीला टेकवून उभं ठेवू नका, खपल्या गळतात. चांगल्या उजेडात फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग वर पारदर्शक फिल्म अलगद ठेवून अक्षरं जशीच्या तशी ट्रेस करा, अण्णांच्या ब्रशचा फराटासुद्धा. थिनर, पेट्रोल, रॉकेल यातलं काहीही लावायचं नाही. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, कापसाचा बोळा, आणि आधी एका कोपऱ्यात चाचणी. बोळ्यावर पांढरं आलं तर तिथेच थांबा. सुटलेले पापुद्रे बांबूच्या काडीने काढा, पण अक्षराखालचा पापुद्रा असेल तर सोडून द्या. पूर्ण वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. वस्तुसंग्रहालयात लोखंडी वस्तूंना हेच लावतात. रस्ट कन्व्हर्टर फक्त बाहेरच्या बाजूला.

गेलेलं 'सणे' पुन्हा रंगवू नका, ही माझी विनंती. गाडीवर नव्या पत्र्याचं दार लावा आणि मूळ दार घरात राहू द्या.

रंगाचं म्हणाल तर, आयएस ५ या रंगांच्या भारतीय मानकाच्या शेडकार्डात ५३६ फायर रेड, ५३७ सिग्नल रेड आणि ५३८ पोस्ट ऑफिस रेड असे तीन शेजारी शेजारी आहेत. उन्हात फिकटलेल्या जागेशी जुळवू नका. घंटेचं ब्रॅकेट काढा, त्याच्याखाली मूळ रंग सापडेल. आणि जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासू नका, ओला पॉलिश पेपर आणि मास्क वापरा.

---

प्रतिसाद ३ (निवृत्त तांडेल)

शेडकार्ड यांचं बाकी सगळं मान्य, पण मूळ दार घरात ठेवणं मला पटत नाही. ते दार बंबाचं आहे. जवान लॉकर उघडतो तेव्हा ती यादी त्याच्या डोळ्यांसमोर असायला हवी. आतून पारदर्शक शीट लावा, चारही बाजूंनी हवा खेळेल एवढी फट ठेवून.

---

प्रतिसाद ४ (नाना पेठेतला)

जाम इंजिनला स्टार्टर मारू नका आणि टोचन करून तर मुळीच चालू करू नका. इंजिनचे डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) निम्मं निम्मं ओता, आठवडाभर मुरू द्या. मग फ्लायव्हील पहारीने दोन्ही दिशांना हळूहळू हलवा. सुटलं तरी लगेच नोझल लावू नका. आधी हाताने फिरवून आतलं सगळं बाहेर येऊ द्या, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकेल.

घंटा बफिंगला देऊ नका, तिच्यावर कोरलेलं काही असेल तर पुसलं जाईल. चिंच-मीठही नको, मीठ राहिलं की हिरवी पुटं चढतात. प्रायमरच्या तांब्याच्या नळीला पोचे असतील तर कसब्यात तांबट आळीत विचारा. न्हाणीघरातला बंब करणारे हात आहेत, आगीच्या बंबाची नळीही जमेल.

---

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दार घरी आलंय, दिवाणावर आडवं ठेवलंय. ट्रेसिंग अण्णांनी स्वतः केलं. हात कापतो म्हणून मी फिल्म धरली, पण पेन त्यांच्याच हातात होतं. 'पु'पाशी ते थांबले, पुढे काही लिहिलं नाही. दार कुठे लावायचं हे विचारलं तर म्हणाले, "बंबावर." तेव्हा तांडेल साहेबांचा सल्ला मानतोय, पारदर्शक शीट लावून.

घंटेच्या ब्रॅकेटखाली निघालेला रंग शेडकार्डावर ५३६ शीच जुळला. नोझल काढून डिझेल-एटीएफ ओतलंय, आज चौथा दिवस. एरंडवण्याच्या अग्निशमन केंद्रात संग्रहालय आहे, तिथे रविवारी अण्णांना घेऊन जाणार आहे.

एक अडचण उरली. सक्शनची ब्लँक कॅप गायब आहे. कपलिंगचे आटे गोल आहेत आणि आतला व्यास १०० मिमी भरतो. अशी जुनी कॅप किंवा वॉशर कुणाकडे पडून असेल, किंवा भोसरीत एकच नग आटे पाडून देणारा टर्नर माहीत असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.