मदत हवी आहे: हळद पावडरच्या पोस्टला लाइक धो धो, ऑर्डर मात्र नाहीत

वसमतची सूनबाई:
नमस्कार मंडळी. आम्ही वसमत तालुक्यातले, जिल्हा हिंगोली. घरची सेलम जातीची हळद आहे. आजवर सगळा माल मोंढ्यात जायचा. लिलावाचं बीट झालं, काटा झाला, हिशेबाची पट्टी हातात पडली की विषय संपला. पण भाव पडला की वर्षाचं गणित बसत नाही, म्हणून मी आणि जाऊबाई थोडी हळद दळून पाव, अर्धा आणि एक किलोच्या पाकिटात विकायलोत. फूड लायसन्सची नोंदणी झालीय, नंबर पाकिटावर छापलाय. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर पाव्हणेरावळे सगळेच म्हणायलेत, ऑनलाइन टाका, हातोहात जाईल.

टाकली. फेसबुकवर पेज काढलं, इन्स्टाग्रामवर काढलं, दिरानं पैसे भरून पोस्ट ‘बूस्ट’ केली, म्हणजे जास्त लोकांना दिसावी. कमेंटमध्ये ‘लय भारी वहिनी’ आणि ‘अभिनंदन’ची रांग. ऑर्डर आल्या त्या नात्यातल्या. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली तर नाशिकचं पार्सल तसंच परत आलं, जाण्या-येण्याचा भुर्दंड आमच्या बोकांडी. पुण्याच्या एका ताईंनी किलोभर घेतली आणि लगेच फोन: ‘फोटोत केशरी दिसते, आली ती पिवळी, नक्की तीच का?’ हळद पिवळी नसंल तर काय असंल! पण गिऱ्हाइकाला असं तोंडावर बोलता येत नाही.

आता नांदेडचा एक एजन्सीवाला मागे लागलाय. महिन्याला आठ हजार, त्यात बारा पोस्ट, चार रील आणि पेजही तोच सांभाळणार. सासरे म्हणतात, त्यापेक्षा मोंढा बरा. बूस्टचा उपयोग का होत नाही? एजन्सीला पैसे द्यावेत का? पाकिटावर जीआयचा लोगो टाकला तर चालतो का? कुणी मसाले, पापड, डाळी विकत असाल तर सांगा.

औसेकर:
ताई, बूस्ट करताना ठिकाण कोणतं टाकलं होतं?

वसमतची सूनबाई:
दिराला विचारलं. वसमत आणि भोवतीचे ८० किलोमीटर.

औसेकर:
मग झालं की! त्यात हिंगोली, नांदेड, परभणी सगळंच आलं. तिथं ज्याच्या घरी हळद नाही त्याच्या मेव्हण्याच्या घरी आहे. तुमचं गिऱ्हाईक बसलंय पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, ठाण्यात. नोकरीसाठी तिकडं गेलेलं आणि गावाकडची हळद मागवायला कुणी उरलं नाही असं. जाहिरात तिकडं दाखवा.

आमचा घरचा काळा मसाला आणि शेंगाचटणीचा धंदा आहे, त्यावरून सांगतो. बूस्टचं बटण बहुतेक वेळा लाइक देणाऱ्यांनाच पोस्ट दाखवतं, कारण आपण नकळत तेच मागितलेलं असतं. फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन व्हॉट्सॲपवर मेसेज मागवायचा पर्याय निवडा, म्हणजे जाहिरात दाबली की थेट तुमचं व्हॉट्सॲप उघडतं. रक्कम छोटी ठेवा आणि किती लाइक आले ते बघूच नका, किती जणांनी भाव विचारला ते बघा. जाहिरातीच्या पैशावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, तो हिशेबात धरा.

एजन्सीवाल्याला दोनच गोष्टी विचारा. जाहिरातीचा खर्च आठ हजारांत आहे की वर? आणि पेज, जाहिरात खातं कुणाच्या नावावर राहणार? उद्या पटलं नाही तर पेज घेऊन जाणारे बघितलेत मी. दुसऱ्या प्रश्नाला तो चाचरला तर तिथंच नमस्कार करा. माझं विचाराल तर एवढ्या मालाला एजन्सी नकोच.

कॅश ऑन डिलिव्हरी बंद करवत नसेल तर निदान कुरिअरचे पैसे आधी यूपीआयनं घ्या. ज्यानं साठ-सत्तर रुपये भरलेत तो पार्सल सोडवतोच.

परभणीची माहेरवाशीण, मुक्काम कोथरूड:
मी तुमचं गिऱ्हाईक, म्हणून बोलते. आमच्या सोसायटीत वर्षाची हळद एप्रिल-मेमध्येच भरतात, मसाला कुटायच्या वेळी. तुम्ही जाहिरात श्रावणात केलीत तर पाव किलोच्या वर कुणी घेणार नाही. गुढीपाडव्याच्या आधीपासून सुरू करा आणि किलोचं पाकीट पुढं ठेवा.

दुसरं म्हणजे ‘१०० टक्के शुद्ध’ हे सगळेच लिहितात, त्यावर माझा तरी विश्वास नाही. त्यापेक्षा हळद शिजवायच्या कुकरमधून वाफाळती हळद बाहेर पडतेय, मग ती पटांगणात वाळतेय, पॉलिशच्या ढोलातून खडखडत निघतेय, असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका. वर गाणं नको, तो खडखडाटच राहू द्या. सणाच्या शुभेच्छांची पोस्टर्स तर अजिबात नकोत.

रंगाचं बहुतेक असं असेल: सगळी चौकट पिवळीच असली की मोबाइलचा कॅमेरा गोंधळतो आणि रंग आपल्या मनानं बदलतो. सकाळच्या उजेडात ओसरीवर, सावलीत फोटो काढा आणि हळदीशेजारी पांढरा कागद ठेवा. फिल्टर लावू नका. तेवढं करून बघा.

जुना सभासद:
जीआयबद्दल. वसमतची हळद नोंदलेली आहे म्हणून लोगो आपोआप वापरता येत नाही. चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून तुमचं नाव नोंदवावं लागतं. फी २०२० मध्येच दहा रुपयांवर आणलीय, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही, कागदांचा आहे. ज्या संस्थेनं जीआय मिळवलं तिच्याकडून अर्ज समजून घ्या.

वसमतची सूनबाई:
सगळ्यांचे आभार. दिरानं ठिकाण बदलून पुणे केलंय, एजन्सीवाल्याला अजून उत्तर दिलं नाही. एक राहिलं. जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना, पाठवला तर निम्म्यांना पोचतच नाही. आणि माझा भाऊ हैदराबादला असतो, त्याच्या ऑफिसातले लोक मागायलेत. तिकडं पाठवू का?

औसेकर:
ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. पाकिटात चिठ्ठी टाका: नंबर सेव्ह करा, नव्या हळदीचा भाव आधी तुम्हाला कळवू.

हैदराबादचं थांबा. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात ४० लाखांपर्यंत मालाला ती लागत नाही. तुमच्या सीएला विचारून घ्या, आणि तोवर भाऊ दिवाळीला आला की त्याच्या डिकीत घाला.