‘निष्पत्ती साध्य झाली’ हे मराठी बरोबर आहे का?

पालकसभेत बाईंनी सांगितलं, “तुमच्या मुलीच्या गणिताच्या सगळ्या अध्ययन निष्पत्ती साध्य झाल्या.” मान डोलावली, पण शब्द डोक्यात अडकला. ‘चौकशीतून काहीच निष्पन्न झालं नाही’ एवढ्यापुरतीच माझी या कुळाशी ओळख. फळ, फलित असे सोपे शब्द असताना हा का?

— कूळ तेच. निस् + पद्, म्हणजे पूर्ण होऊन बाहेर येणं. ‘निष्पन्न’ विशेषण, ‘निष्पत्ती’ नाम. शाळांत हा शब्द रुळला तो २०१७ मध्ये एनसीईआरटीने (केंद्राची शालेय अभ्यासक्रमाची संस्था) प्राथमिक स्तराच्या ‘लर्निंग आउटकम्स’ची, म्हणजे शिकून मुलाला काय करता यावं याची, यादी काढल्यानंतर. त्याआधी ‘किमान अध्ययन क्षमता’ म्हणत. आणि आमच्या बी.एड.च्या पाठ टाचणात (तासाच्या लेखी आराखड्यात) ‘उद्दिष्टे व स्पष्टीकरणे’ असा रकाना असे. तो अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ब्लूमच्या १९५६च्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाचा वारसा. उद्दिष्ट शिक्षकाच्या मनातलं, क्षमता मुलाच्या अंगातली. निष्पत्ती मात्र मुलानं करून दाखवलेली. फरक आहे तो इथे.

— म्हणूनच त्या यादीत ‘समजते’, ‘माहीत होते’ अशी क्रियापदं शक्यतो टाळतात. समजलेलं दिसत नाही. वाचतो, मोजतो, तुलना करतो हे दिसतं, मग आकारिक, म्हणजे शिकता शिकता वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात त्याची नोंद करता येते. (वर्णनात्मक नोंदी लिहून हात दुखलेल्या शिक्षकांना विचारा.)

— पण एक गंमत पाहा. ही वाक्यं वर्तमानकाळी आहेत, आणि छापली जातात मूल वर्गात यायच्या आधी! जे घडून आलं त्याला निष्पत्ती म्हणतात. जे मिळेल असं आधीच सांगितलं जातं, त्याला मराठीत फलश्रुती म्हणतात. गणपतिस्तोत्रात नाही का, ‘षड्भिर्मासैः फलं लभेत्’, सहा महिन्यांत फळ मिळेल? माझ्या मते शासनाची यादी ही फलश्रुती. निष्पत्ती कळायची ती वर्षाअखेरीस, मुलाच्या वहीत.

— पटलं, पण आता ‘अध्ययन फलश्रुती’ कोण म्हणणार! शिक्षक तर नुसतं ‘निष्पत्ती’ म्हणून मोकळे होतात.

मग ‘साध्य झाल्या’ हे चूक?

— कानाला खटकतंच. साध्य होतं ते उद्दिष्ट. निष्पत्तीत पूर्ण होणं आधीच आलं, वर पुन्हा ‘साध्य’ कशाला?

मग बाईंनी काय म्हणायला हवं होतं?

— “हिला तीन अंकी वजाबाकी येते. हातच्याची अजून चुकते.”